वेतनतफावत आपल्याच आस्थापनेत कशी तयार होते, हे शोधण्याची रीत

स्त्रिया आणि पुरुष यांच्या पगारात अंतर का पडते, असे विचारले की उत्तरे सहसा आस्थापनेच्या दाराबाहेरची मिळतात. शिक्षण कोणते निवडले, घरकामाचा भार कोणावर पडला, मूल झाल्यावर नोकरी कोणी सोडली, अशी ती उत्तरे असतात आणि त्यांत तथ्यही असते. डेन्मार्कच्या नोंदींवर आधारलेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात पहिल्या मुलानंतर स्त्रियांची कमाई पुरुषांच्या तुलनेत दीर्घकाळासाठी सुमारे २० टक्क्यांनी मागे पडलेली दिसली. परंतु पगाराचा आकडा अखेरीस आस्थापनेत बसलेली कोणीतरी व्यक्ती कागदावर लिहीत असते, आणि त्या लिहिण्याचाही तफावतीत वाटा असतो. पोर्तुगालमधील वेतननोंदींवर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एकूण तफावतीचा सुमारे एक-पंचमांश भाग कंपन्यांच्या वेतनधोरणाशी जोडलेला आढळला. चांगला पगार देणाऱ्या कंपन्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण कमी होते आणि ज्या स्त्रिया तेथे होत्या, त्यांना त्या कंपनीच्या जादा पगारातला हिस्साही पुरुषांपेक्षा कमी मिळत होता.

मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्यांनी, आस्थापनेच्या मालकांनी किंवा कामगार संघटनेच्या प्रतिनिधींनी आपल्या ठिकाणची तफावत स्वतः तपासावी, यासाठी हा लेख आहे. प्रारंभीच एक मत नोंदवतो. बहुतेक आस्थापनांमध्ये स्त्रियांना कमी द्यायचे असे कोणी ठरवलेले नसते, तरीही प्रत्येकी रास्त वाटणाऱ्या पाच-सहा निर्णयांच्या साखळीतून तोच परिणाम दरवर्षी बाहेर पडतो. त्यामुळे कोणाचा हेतू काय होता हे तपासण्यात वेळ घालवू नये. निर्णय एकेक करून तपासावेत.

पहिली पायरी: नोंदी एका तक्त्यात आणणे

प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी एक ओळ करावी. तीत लिंग, पद, ग्रेड, विभाग, रुजू झाल्याची तारीख, रुजू होतानाचा पगार, आजचा मूळ पगार, गेल्या पाच वर्षांतील प्रत्येक पगारवाढ, मूल्यांकनाचे गुण, बढतीच्या तारखा, बोनस, भत्ते, ओव्हरटाइम, ठरलेले कामाचे तास आणि दीर्घ रजेचा कालावधी एवढे रकाने असावेत. रुजू होतानाचा पगार हा रकाना बहुतेक ठिकाणी तयार मिळत नाही, जुनी नियुक्तिपत्रे काढून तो भरावा लागतो आणि म्हणूनच तो वगळण्याचा मोह होतो. तो वगळू नये, कारण पुढच्या तपासणीत सर्वाधिक उपयोग त्याचाच होतो.

अर्धवेळ काम करणाऱ्यांचा पगार तासाच्या दरात मांडावा, नाहीतर तुलना निरर्थक ठरते. मूळ पगार आणि एकूण मिळकत हे दोन्ही आकडे वेगवेगळे ठेवावेत, कारण मूळ पगार तंतोतंत समान असूनही बोनस आणि भत्त्यांमुळे मोठे अंतर पडलेले असू शकते. सफाई, उपाहारगृह, टंकलेखन किंवा ग्राहकसेवा अशी कामे कंत्राटदाराकडे दिलेली असल्यास त्या कर्मचाऱ्यांची वेगळी यादी करावी. एखादे काम बाहेर दिल्यानंतर आस्थापनेतील तफावत कागदोपत्री घटते, मात्र ते काम करणाऱ्या स्त्रियांच्या हातात पडणारी रक्कम वाढलेली नसते.

दुसरी पायरी: दोन प्रश्न वेगळे ठेवणे

पहिला प्रश्न असा की, आस्थापनेतील सर्व स्त्रियांचा सरासरी पगार सर्व पुरुषांच्या सरासरीपेक्षा किती कमी आहे. दुसरा प्रश्न असा की, समान किंवा समान मोलाचे काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांना समान पगार मिळतो का. या दोन प्रश्नांची उत्तरे परस्परांपासून बरीच दूर असू शकतात.

समजा, एका आस्थापनेत ५० पुरुष आणि ५० स्त्रिया आहेत. वरच्या ग्रेडचा पगार १०० एकके असून तेथे १८ पुरुष आणि २ स्त्रिया आहेत, तर खालच्या ग्रेडचा पगार ४० एकके असून तेथे ३२ पुरुष आणि ४८ स्त्रिया आहेत. प्रत्येक ग्रेडमध्ये पगार सर्वांना सारखाच मिळतो. तरीही पुरुषांची सरासरी ६१.६ आणि स्त्रियांची ४२.४ येते, म्हणजे तफावत ३१ टक्क्यांची होते. येथे व्यवस्थापन म्हणेल की आमच्याकडे समान कामाला समान वेतन आहे, आणि ते खरेही असेल. परंतु वरच्या ग्रेडमध्ये दोनच स्त्रिया का, हा प्रश्न नियुक्ती आणि बढतीचा आहे, आणि ते दोन्ही निर्णय नियोक्त्याचेच असतात. ब्रिटनमध्ये २०१७ पासून २५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या नियोक्त्यांना पहिल्या प्रकारचा आकडा दरवर्षी जाहीर करावा लागतो. तो आकडा समान वेतनाच्या कायद्याचा भंग सिद्ध करत नाही, पण कोठे पाहायचे हे दाखवतो.

सरासरीसोबत मध्यकही, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडाही, काढावा. दोन-तीन वरिष्ठांच्या प्रचंड पगारामुळे सरासरी फुगलेली असेल, तर मध्यक पाहिल्यावर ते लक्षात येते.

तिसरी पायरी: रुजू होतानाचा पगार

एकाच पदावर, शक्यतो एकाच वर्षात रुजू झालेल्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या लावाव्यात आणि त्यांचा पहिला पगार शेजारी शेजारी मांडावा. जेथे अंतर दिसेल, तेथे ते का पडले याचे लेखी कारण फाइलमध्ये आहे का, ते पाहावे. बहुतेक वेळा पुढीलपैकी एक कारण सापडते.

पहिले कारण आधीच्या पगाराचे. उमेदवाराला आधी काय मिळत होते हे विचारून त्यावर ठरावीक टक्के वाढ देण्याची पद्धत इतकी रुळलेली आहे की तिच्याकडे कोणी संशयाने पाहतच नाही. परंतु आधीच्या नियोक्त्याने स्त्रीला कमी दिले असेल, तर नवा नियोक्ता तीच तफावत आपल्या पैशाने पुढे चालवतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ च्या कायद्याने नेमका हाच प्रश्न विचारण्यावर निर्बंध आणले, आणि युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतनपारदर्शकता निर्देशातही उमेदवाराला त्याच्या वेतनाचा इतिहास विचारण्यास मनाई असून त्या पदाचा पगार किंवा पगाराची मर्यादा आधी कळवण्याचे बंधन आहे. आपल्या देशात असा कायदा असो वा नसो, अर्जाच्या नमुन्यातील तो रकाना काढून टाकायला कोणाची परवानगी लागत नाही.

दुसरे कारण घासाघिशीचे. ‘त्याने मागितले, तिने मागितले नाही’ हा खुलासा ऐकायला नैसर्गिक वाटतो. मात्र अमेरिकेत नोकरीच्या जाहिरातींवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रत्यक्ष प्रयोगात असे दिसले की, पगारावर चर्चा होऊ शकते हे जाहिरातीत स्पष्ट लिहिले तेव्हा स्त्रिया आणि पुरुष यांच्या मागणी करण्यातला फरक उरला नाही. नियम लिहिलेला नव्हता तेथे मात्र पुरुषांनी अधिक वेळा घासाघीस केली. म्हणजे ज्याला आपण स्वभावाचा फरक म्हणतो, त्याचा बराच भाग नियोक्त्याने नियम संदिग्ध ठेवल्यामुळे निर्माण झालेला असतो.

तिसरे कारण कागदावर कधीच नसते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकी विद्यापीठांतील विज्ञानाच्या प्राध्यापकांकडे प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एकसारखाच अर्ज पाठवला गेला, फक्त अर्जदाराचे नाव काहींच्या बाबतीत पुरुषाचे आणि काहींच्या बाबतीत स्त्रीचे होते. स्त्रीच्या नावाच्या अर्जाला कमी सक्षम ठरवले गेले आणि देऊ केलेला वार्षिक पगारही सरासरी २६,५०८ डॉलर होता, तर पुरुषाच्या नावाला ३०,२३८ डॉलर. परीक्षकांमधील स्त्रियांनीही पुरुषांइतकाच दुजाभाव केला होता.

पहिल्या पगारातील अंतर किरकोळ मानून सोडून देऊ नये. एकाला पहिल्या वर्षी १०० आणि दुसरीला ९० एकके मिळाली आणि पुढे दोघांनाही दरवर्षी अगदी सारखी ८ टक्के वाढ मिळत गेली, तर विसाव्या वर्षी हे अंतर सुमारे ४३ एककांचे होते. वीस वर्षांत तिची एकूण तूट त्याच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या साडेचारपटीहून अधिक भरते. या काळात दरसाल पगारवाढीची टक्केवारी समान असल्यामुळे व्यवस्थापनाच्या अहवालात कोठेही विषमता दिसत नाही.

उपाय साधा आहे. प्रत्येक पदासाठी पगाराची किमान आणि कमाल मर्यादा आधी ठरवावी, ती जाहिरातीत छापावी, आणि त्या मर्यादेत उमेदवाराला कोठे बसवायचे याचे निकष, म्हणजे अनुभवाची वर्षे, विशिष्ट कौशल्य, प्रमाणपत्र, मुलाखतीपूर्वी लिहून ठेवावेत. अपवाद करायचा झाल्यास तो नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याने एकट्याने करू नये.

चौथी पायरी: कामाचे मोल कसे ठरले, ते तपासणे

बहुतेक आस्थापना समान पदनामापाशीच तपासणी थांबवतात. परंतु आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५१ च्या १०० क्रमांकाच्या करारात शब्द आहेत ‘समान मोलाचे काम’, आणि सगळी गुंतागुंत त्या मोलापाशी सुरू होते. दोन कामे दिसायला पूर्ण वेगळी असली, तरी कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती या चार बाबतींत ती समान मोलाची असू शकतात.

या बाबतीत १९६८ चा दाखला अजूनही शिकवण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये डॅगनहॅम येथील फोर्डच्या कारखान्यात मोटारींच्या आसनांची आवरणे शिवणाऱ्या स्त्रियांना नव्या ग्रेडरचनेत कमी कौशल्याच्या वर्गात टाकले गेले आणि वर त्या वर्गातील पुरुषांच्या दराच्या ८५ टक्केच पगार देण्यात आला. त्या संपावर गेल्या. तडजोडीत दर ९२ टक्क्यांवर आला, आणि त्या आंदोलनाचा १९७० च्या समान वेतन कायद्यावर प्रभाव पडला. मात्र मूळ तक्रार होती ग्रेडबद्दलची, आणि ती दूर व्हायला आणखी एक संप आणि १९८४ साल उजाडावे लागले. दर बदलणे तुलनेने सोपे असते, पण ‘हे काम कौशल्याचे नाही’ असा शिक्का एकदा बसला की तो सहजासहजी पुसला जात नाही.

भारतातील मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या खटल्यात ग्रेडऐवजी पदनामाचा आधार घेतला गेला होता. वरिष्ठ अधिकाऱ्यांसोबत काम करणाऱ्या स्त्री स्टेनोग्राफरांचा वेगळा वर्ग करून त्यांना पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा कमी पगार दिला जात होता. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेद अमान्य केला. संघटनेशी झालेल्या कराराकडे बोट दाखवणे किंवा आर्थिक अडचण पुढे करणे, हे दोन्ही बचाव न्यायालयाने नाकारले.

आपल्या आस्थापनेत ही तपासणी करताना प्रथम अशी पदे निवडावीत, जेथे बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्यांच्या शेजारी बहुसंख्य पुरुष असलेली साधारण तेवढ्याच शिक्षणाची पदे ठेवावीत. मग प्रत्येक कामाला चार निकषांवर गुण द्यावेत. गुण देताना एक सवय आवर्जून मोडावी लागते. जड वस्तू उचलणे हे श्रम म्हणून नोंदले जाते, पण रुग्णाला उचलून बसवणे नोंदले जात नाही. यंत्राची जबाबदारी मोजली जाते, माणसांच्या गोपनीय माहितीची मोजली जात नाही. धूळ आणि आवाज हे त्रास ठरतात, चिडलेल्या ग्राहकांचे बोलणे दिवसभर ऐकून घेणे मात्र ‘स्वभावातच असते’ म्हणून सोडून दिले जाते. बोटांचे अचूक काम, एकाच वेळी अनेक कामांचे भान आणि संभाषणकौशल्य हे रकाने तक्त्यात मुद्दाम घालावेत. गुण देणाऱ्या समितीत स्त्री-पुरुष दोन्ही असावेत, शिवाय ते काम प्रत्यक्ष करणारी किमान एक व्यक्ती असावी, आणि सध्याचा पगार समितीला गुण देऊन होईपर्यंत दाखवू नये. पगार आधी पाहिला की गुण त्याच्या मागोमाग जातात.

कोणत्या पदांना प्रोत्साहन बोनस मिळतो, हेही याच वेळी पाहावे. ब्रिटनमधील बर्मिंगहॅम नगरपालिकेत कचरा उचलणे किंवा रस्त्याची कामे अशा पुरुषबहुल पदांना बोनस होता, तर सफाई, स्वयंपाक आणि शुश्रूषा करणाऱ्या, त्याच ग्रेडमधल्या स्त्रियांना तो नव्हता. २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने नोकरी सोडून गेलेल्या स्त्रियांनाही दिवाणी न्यायालयात दावा करण्याची वाट मोकळी केली. त्या नगरपालिकेने समान वेतनाच्या दाव्यांपोटी आजवर १०० कोटी पौंडांहून अधिक रक्कम दिली आहे. बोनसची ती योजना मंजूर करणाऱ्यांच्या मनात स्त्रियांचा विचारही नसेल, आणि मला वाटते, दोष नेमका तोच आहे.

पाचवी पायरी: मूल्यांकन, पगारवाढ आणि बढती

येथे एकच आकडा काढून चालत नाही, तीन टप्प्यांवर पाहावे लागते. गुण समान मिळतात का, समान गुणांना समान वाढ मिळते का, आणि बढतीपर्यंत किती वर्षे लागतात. दुसरा टप्पा सहसा तपासलाच जात नाही. अमेरिकेतील एका मोठ्या सेवा कंपनीच्या नोंदींवरील २००८ च्या अभ्यासात मूल्यांकनाचे गुण सारखे असूनही स्त्रियांना कमी वाढ मिळाल्याचे आढळले, कारण गुण देणारा एक अधिकारी आणि वाढ मंजूर करणारा दुसरा, आणि या दोहोंमधली जागा कोणाच्याच देखरेखीखाली नव्हती. पुढे त्या कंपनीने वाढीचा हिशेब देण्याची जबाबदारी निश्चित केल्यावर अंतर कमी झाले.

‘भविष्यातील क्षमता’ हा रकाना विशेष सावधगिरीने वाचावा. उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीच्या नोंदींत स्त्रियांना प्रत्यक्ष कामगिरीचे गुण पुरुषांपेक्षा अधिक, पण क्षमतेचे गुण कमी दिलेले आढळले, आणि बढतीतील अंतराचा मोठा भाग त्यातून येत होता. कामगिरीला पुरावा असतो. क्षमतेच्या गुणांमागे मूल्यांकन करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असलेले यशस्वी माणसाचे चित्र असते. हा रकाना ठेवायचाच असेल, तर प्रत्येक गुणासमोर एक प्रत्यक्ष उदाहरण लिहिण्याची अट घालावी.

बाहेरून देकार, म्हणजे दुसऱ्या नोकरीचा प्रस्ताव, आणणाऱ्याला पगार वाढवून थांबवून घेण्याची रीतही येथेच तपासावी. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच मांडले होते की, ज्या कामगारांना नोकरी बदलणे अवघड असते, त्यांना कमी पगारावर ठेवणे नियोक्त्याला परवडते. मुलांच्या शाळेमुळे किंवा घरच्या जबाबदारीमुळे जिचा प्रवासाचा पल्ला मर्यादित आहे, ती देकार आणणार नाही हे व्यवस्थापनाला ठाऊक असते. म्हणून एखाद्याचा पगार अशा कारणाने वाढवला, की त्याच पदावरील इतरांचा पगार त्याच महिन्यात तपासण्याचा नियम करावा.

सहावी पायरी: तास, रजा आणि मातृत्व

२०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिले आहे की, उच्चशिक्षितांमधील तफावतीचा मोठा भाग कामाच्या तासांच्या किमतीत आहे. काही व्यवसायांत दुप्पट तास देणाऱ्याला दुपटीहून बरेच अधिक मिळते, आणि कोणत्याही क्षणी हजर राहण्याची तयारी स्वतंत्रपणे विकत घेतली जाते. नियोक्त्याने येथे स्वतःला विचारावे की, एका व्यक्तीच्या जागी दुसरी व्यक्ती काम पुढे नेऊ शकेल, अशा रीतीने नोंदी ठेवल्या आहेत का. औषधनिर्मात्यांच्या (फार्मासिस्टांच्या) व्यवसायात संगणकीय नोंदी आणि प्रमाणित औषधे आल्यानंतर एक जण दुसऱ्याचे काम सहज पुढे नेऊ लागला आणि अर्धवेळ काम करणाऱ्याचा तासाचा दर फारसा कमी राहिला नाही, हे गोल्डिन यांचेच उदाहरण आहे.

प्रसूती रजेवरून परतलेल्यांची स्वतंत्र यादी करावी आणि रजेच्या वर्षी त्यांना वाढ मिळाली का, मूल्यांकन शून्य धरले गेले का, परतल्यावर त्यांची जबाबदारी आणि ग्राहक तेच राहिले का, हे तपासावे. रजेच्या वर्षात ‘मूल्यांकन नाही म्हणून वाढ नाही’ हा नियम सर्वांना समान लागू असला, तरी त्याची झळ कोणाला लागते हे सांगायला नको. आधीच्या दोन वर्षांच्या सरासरी गुणांवर त्या वर्षीची वाढ देणे हा साधा आणि समर्थनीय मार्ग आहे.

सातवी पायरी: गुप्ततेचे नियम

नियुक्तिपत्रात पगार सहकाऱ्यांना सांगू नये असे कलम असेल, तर ते काढावे. अमेरिकेतील लिली लेडबेटर यांना गुडइयर कंपनीत सुमारे दोन दशके पर्यवेक्षक म्हणून काम केल्यानंतर एका निनावी चिठ्ठीतून कळले की, त्याच पदावरील सर्वांत कमी पगाराच्या पुरुषालाही आपल्यापेक्षा अधिक मिळते. त्यांना दरमहा ३,७२७ डॉलर मिळत होते आणि त्याला ४,२८६. तक्रारीची मुदत उलटली या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला आणि २००९ मध्ये कायदा बदलावा लागला.

पारदर्शकतेचे परिणाम मात्र जसेच्या तसे सांगितले पाहिजेत. डेन्मार्कने २००६ मध्ये किमान ३५ कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लिंगनिहाय वेतनाची आकडेवारी देणे बंधनकारक केल्यावर तफावत घटली, पण ती प्रामुख्याने पुरुषांच्या पगारवाढीचा वेग मंदावल्यामुळे. स्त्रियांचे पगार वर आणायचे असतील, तर आकडे जाहीर करण्याच्या जोडीला पुढील पायरीची तरतूद लागते.

आठवी पायरी: दुरुस्ती

दुरुस्तीसाठी वार्षिक पगारवाढीपासून वेगळी रक्कम बाजूला काढावी. ती वाढीच्या रकमेतूनच भागवली, तर विभागप्रमुख ती चांगल्या कामाच्या बक्षिसात मिसळून टाकतात आणि स्त्रीला तिची थकलेली रक्कम वाढ म्हणून मिळते. समानता आणण्यासाठी कोणाचाही पगार कमी करू नये. अमेरिकेच्या १९६३ च्या समान वेतन कायद्यात तशी स्पष्ट मनाई आहे आणि भारताच्या १९७६ च्या समान वेतन कायद्यातही ती होती.

सर्वांत मोठे आणि कारण न सापडलेले अंतर प्रथम भरून काढावे. युरोपीय संघाच्या निर्देशात एखाद्या गटातील तफावत ५ टक्के किंवा अधिक असेल, तिचे वस्तुनिष्ठ कारण देता येत नसेल आणि सहा महिन्यांत ती दूर केली नसेल, तर कर्मचारी प्रतिनिधींसह संयुक्त तपासणी करावी लागते. कायदा लागू नसलेल्या आस्थापनेलाही हा उंबरठा वापरता येतो. आइसलँडने २०१८ मध्ये लागू झालेल्या कायद्याने २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या नियोक्त्यांकडून आपली वेतनपद्धती समान असल्याचे प्रमाणपत्र मागितले, म्हणजे सिद्ध करण्याचा भार कर्मचाऱ्यावरून उचलून नियोक्त्यावर ठेवला.

लहान आस्थापनेत संख्याशास्त्राचा आग्रह धरू नये, दहा-पंधरा माणसांत प्रत्येक जोडी हाताने पाहता येते. मोठ्या आस्थापनेत अनुभव, ग्रेड आणि विभाग विचारात घेऊन विश्लेषण करावे, पण ग्रेड हा घटक घालून एकदा आणि वगळून एकदा, असे दोनदा करावे. ग्रेड घातल्यावर तफावत नाहीशी होत असेल, तर ती ग्रेड देण्याच्या निर्णयात आहे असे समजून चौथ्या पायरीकडे परत जावे.

ज्यांचा पगार दुरुस्त झाला, त्यांना त्याचे कारण लेखी कळवावे. निवृत्तिवेतन किंवा भविष्यनिर्वाह निधी पगाराशी जोडलेला असेल, तर मागील काळातील फरकाचाही हिशेब करावा. दरवर्षी वाढीची पत्रे निघण्याच्या एक महिना आधी हाच तक्ता पुन्हा भरावा आणि त्यात वर्षभरातल्या नव्या नेमणुका सर्वांत आधी पाहाव्यात, कारण जुनी तफावत बुजवल्यानंतर नवी तेथूनच आत येते. वाढीची पत्रे एकदा हातात पडली की त्या वर्षापुरती दुरुस्ती जवळजवळ अशक्य होते.